पुरावा, ओळ क्रमांकासह

कुताइसीच्या शाळेत दहावीचा वर्ग, तिसरा तास.
फुटक्या तावदानाला पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर कुठल्याशा केळीवाल्या कंपनीचं नाव.
मी फळ्याच्या मधोमध रेघ ओढते.
डावीकडे लिहिते, आईला काय हवंय.
उजवीकडे, मुलीला.
खडू रेघेवरच मोडतो.

गोष्ट चार पानांची.
आई स्वतःचा कोट उसवून मुलीच्या मापाचा करते,
तीन रात्री जागून.
मुलगी तो बसमध्ये विसरून येते.
'विसरून' हा माझा शब्द. गोष्टीत नाही.
गोष्टीत लिहिलंय, कोट सीटवर राहिला.
जसा काही तोच उतरायला कंटाळला.

"संघर्ष कुठे आहे?" मी विचारते.
बाचाना म्हणतो, कोट महाग होता.
थेओना म्हणते, कोट जुन्या फॅशनचा होता.
दोघांचंही बरोबर.
दोघंही अजून दाराबाहेर उभी.
मी म्हणते, पुरावा द्या, ओळ क्रमांकासह.
मनात आलं ते घरी सांगा, इथे ओळ दाखवा.
वीस वर्षं हेच वाक्य,
आता माझं मलाच ऐकू येत नाही.

मी शिकवते: पात्रं बोलतात ते वरचं पाणी.
पुलावरून रिओनीकडे बघा,
पांढरे दगड दिसतात उन्हाळ्यात,
असतात मात्र बारा महिने.
आई विचारते, "जेवलीस का?" ओळ सव्वीस.
हा जेवणाचा प्रश्न आहे का?
मुलगी म्हणते, "भूक नाही." ओळ सत्तावीस.
हे पोटाचं उत्तर आहे का?
पोरं वहीत उतरवून घेतात: पोटाचं नाही.
परीक्षेतही असंच लिहितील. लिहू देत.

मग मागच्या बाकावरून नुत्सा,
जी कधी हात वर करत नाही,
आजही केला नाही, नुसती बोलली,
"बाई, ह्या दोघी एका खोलीत आहेत."

मी थांबले.

"पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, एकाच खोलीत.
एकीनं ताट आपटलं तर दुसरीला ऐकू जातं.
तुम्ही ह्याला संघर्ष म्हणताय."

वर्गाला माहीत आहे.
नुत्साची आई सात वर्षं इटलीत, बारी गावात,
एका म्हाताऱ्या बाईला अंघोळ घालते, गोळ्या देते,
रविवारी त्या बाईची लेक केक घेऊन आली की दार उघडते.
नुत्साचे बूट, आजोबांचं ऑपरेशन,
सगळं तिथून येतं.
फोनवर दोघी एकमेकींना फक्त बरंच सांगतात.
भांडण ऐन रंगात आलं
आणि तिकडे म्हातारी उठली,
तर उरलेलं अर्धं उशाला घेऊन झोपायचं कसं?

हे नुत्सा बोलली नाही.
मी ते तिच्या गप्प बसण्यात वाचलं,
ओळ क्रमांकाशिवाय.
असं कुणी वाचलं की मी मार्क कापते.

वर्गात तिच्यासारखी आणखी चौघं.
चौघंही बाकाकडे बघत होती.

"ओळ अठ्ठावन्न," नुत्सा म्हणाली.
"आईनं रिकाम्या खुंटीवरून हात फिरवला."
कशाचा पुरावा? मी विचारलं, सवयीनं.
"माहीत नाही. पण मुलीनं ते पाहिलं.
ओळ एकोणसाठ."

तिचं उत्तर कुठल्या बाजूला लिहावं, मला सुचेना.
घंटा झाली. बाचानानं न सांगता फळा पुसला,
डस्टर ओलं, त्यामुळे सगळं नुसतंच पांढरं झालं.

घरी पोचले तर आई, वय ब्याऐंशी,
म्हणाली, उशीर. लोबिओ दोनदा गरम केलं.
मी म्हटलं, मग तुझ्या लोबिओसाठी नोकरी सोडू का?
ती म्हणाली, सोड, कुणी अडवलंय?
मी कोट काढता काढता वरच्या पट्टीत,
ती पातेल्यावर झाकण आपटत,
दोघी पार शाळेत असतानाच्या माझ्या केसांपर्यंत गेलो.
खालचे शेजारी नळाचा पाइप ठोकायला लागले.
मी त्यांनाही उत्तर दिलं.